वहीतले चार कोरे दिवस

"तुम्हाला डायबेटीस आहे," डॉक्टर म्हणाले.

"शक्यच नाही," मी म्हटलं.

हो, डॉक्टरांच्या तोंडावर म्हटलं. स्वभावच तसा, त्याला काय करणार! मी मुलींच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. चूक दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची, अंगानं काडी, पाच वर्षांच्या मुलीची आई. डायबेटीस म्हणजे मधुमेह, आणि मधुमेह गादीवर लोळून पेढे खाणाऱ्या ढेरपोट्या शेटजींना होतो, अशी माझी पक्की समजूत होती. मला नुसती तहान लागत होती. तांबेच्या तांबे रिकामे करायचे, रात्री चार-चार वेळा उठायचे, आणि तीन महिन्यांत पोलकी दोनदा आत घ्यावी लागली होती.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. मुलुंड स्टेशनजवळ त्यांचा लहानसा दवाखाना होता. त्यांनी काचेच्या नळीत एक निळं औषध घेतलं. त्याला बेनेडिक्ट सोल्यूशन म्हणतात. त्यात माझ्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, मग नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल. निळं राहिलं तर साखर नाही, लाल झालं तर साखर भरपूर.

"गणित शिकवता ना?" ते म्हणाले. "मग उत्तर समोर आहे."

त्या दिवसापासून मी इन्शुलिनच्या सुईवर आहे. इन्शुलिन हा आपल्या स्वादुपिंडात तयार होणारा रस. खाल्लेली साखर रक्तातून शरीराच्या कामी लावायचं काम त्याचं. माझ्यात तो आटला होता, म्हणून बाहेरून टोचायचा. डॉक्टर म्हणाले, "जन्मभर." मी घरी येऊन तासभर रडले, मग तोंड धुतलं आणि चौकोनी रेघांची एक वही काढली.

हे सगळं मी का लिहिते आहे ते सांगते. डायबेटीसवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण बाईच्या डायबेटीसचं एक वेगळंच प्रकरण असतं, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ते कळेपर्यंत माझी नोकरी जायची वेळ आली आणि मी मरता मरता वाचले. आता मला पुढे जे लिहायचं आहे ते चारचौघांत बोलत नाहीत. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी खुशाल पान उलटावं. ज्यांच्या घरात सुई घेणारी बाई आहे, त्यांनी मात्र उलटू नये.

आमचं घर दोन खोल्यांचं, मागे पडवी. घरात हे, मी, आमची कुंदा आणि सासूबाई. हे फोर्टात एका कचेरीत कारकून. सासूबाई राजापूरकडच्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक. सासरे गेल्यापासून पहाटेची आंघोळ, ओलेत्यानं सोवळं नेसणं आणि तासभर पूजा, यात त्यांनी कधी खाडा केला नाही. वाईट नव्हत्या हो! तोंडानं फटकळ, पण मला नोकरी करू दिली, कुंदाला सांभाळलं. "गणित शिकवत्येस तर शिकव, पण घरात मला शिकवू नको," एवढीच त्यांची अट.

माझी वही म्हणजे माझा अभिमान. तारीख, सकाळचा रंग, संध्याकाळचा रंग, किती युनिट इन्शुलिन, कुठे टोचलं. डॉक्टर ती इतर पेशंटांना दाखवायचे. "वही अशी ठेवा," म्हणायचे. मी आपली गर्वानं फुगायची.

त्या वहीत दर महिन्याला चार दिवस कोरे असत. ते मला खटकायचं सोडाच, दिसतसुद्धा नव्हतं.

त्याचं असं. आमच्याकडे पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं. पडवीत वेगळं अंथरूण, वेगळं ताट-भांडं. स्वयंपाकघरात पाऊल नाही, कुणाला शिवायचं नाही. इन्शुलिनची बाटली गार राहावी म्हणून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवलेली, ते मडकं पिण्याच्या माठाशेजारी. स्पिरिटचा दिवा, नळ्या, निळं औषध, सगळं स्वयंपाकघरातल्या फळीवर. मग चार दिवस रंग बघणार कसा? बघायचाच नाही. सुई मात्र चुकवून चालणार नव्हतं, म्हणून ती हे टोचायचे. सकाळी सहाला, स्वतःच्या आंघोळीआधी. म्हणजे मला शिवल्यावर त्यांची आंघोळ व्हायचीच. सोयीचं होतं सगळं. माझं ताट मात्र पूजा, नैवेद्य, यांचं जेवण असं सगळं उरकल्यावर यायचं, साडेनऊला.

शाळेला मी त्या दिवसांतही जात असे. शाळेत कुणाला काय ठाऊक! घरात मला शिवलं तर आंघोळ, आणि शाळेत माझ्या हातचा खडू पन्नास मुली हाताळत.

वर्षभर बरं चाललं. मग वहीत एक गोष्ट दिसू लागली. महिन्यातले काही दिवस रंग हिरवा, कधी निळा. मग एकाएकी सात-आठ दिवस नारिंगी, लाल. खाणं तेच, सुई तीच. डॉक्टर म्हणाले, "चोरून गोड खाता का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांचंही बरोबर होतं, त्यांना दुसरं काय वाटणार? त्यांनी चोवीस युनिटांचे अठ्ठावीस केले. पुढच्या महिन्यात पुन्हा लाल, बत्तीस केले. लाल झालं की वाढवायचं, हा सरळ हिशेब. आणि दर वेळी वाढवल्यावर दोन-चार दिवसांत माझी पाळी येई आणि वही कोरी राही.

त्या कोऱ्या दिवसांत काय होत होतं ते आता सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला मला दरदरून घाम फुटायचा. हात थरथरायचे, जीभ जड व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. ताट आलं, खाल्लं की तासाभरात बरं वाटायचं. मी म्हणायची, अशक्तपणा असेल. सासूबाई म्हणायच्या, "बायकांचं असंच असतं गो. पडून राहा." एकदा तर मी काहीबाही बडबडत होते म्हणे. कुंदा जवळ यायला बघत होती, तर तिला सासूबाईंनी दारातूनच मागे ओढलं. मला त्यातलं काही आठवत नाही.

याला इन्शुलिन रिअ‍ॅक्शन म्हणतात. इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त झालं की रक्तातली साखर फार खाली जाते. मेंदूला साखर मिळेनाशी झाली की माणूस भलतंच बोलतो, भलतंच वागतो, आणि वेळेवर साखर पोटात गेली नाही तर बेशुद्ध पडतो. काही जण त्यातून उठत नाहीत. हे मला डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण घाम येतो आहे तो पाळीमुळे, असं एकदा डोक्यात बसल्यावर बाकी सगळं ज्ञान गेलं चुलीत.

शेवटी वाट लागली ती शाळेत. दुसरा दिवस होता. शनिवार म्हणून शाळा सकाळची, म्हणजे घरातून ताट न येताच निघाले होते. सुई झालेली, छत्तीस युनिट. त्रैराशिक शिकवत होते. फळ्यावर आकडे लिहिले ते मला नीट दिसेनात. मुली हसू लागल्या. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई वर्गात डोकावल्या, काही विचारायला. मी त्यांना म्हटलं, "बाहेर उभ्या राहा! उशिरा आलात!" पन्नास मुलींसमोर! आणि खुर्चीचा आधार घेता घेता खाली पडले.

शाळेजवळच्या कुणा कंपाउंडरनं तोंडात साखर घातली म्हणून शुद्धीवर आले. मुख्याध्यापिकाबाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "मुली घाबरल्यात, पालक विचारतायत. पुन्हा असं होणार नाही असं मोठ्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. तोवर रजा. सहा महिने वाट बघते. मग मला दुसरी बाई घ्यावी लागेल."

त्या गेल्यावर मी कुंदाची पाटी घेऊन उगाच पाढे लिहीत बसले. नोकरी म्हणजे माझ्यासाठी नुसता पगार नव्हता. वर्गात उभी राहिले की मी मी असते. ती गेली असती तर मी पडवीतली आजारी बाई झाले असते, चार दिवसांची नव्हे, बारा महिन्यांची.

मुलुंडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भरती झाले. बायकांचा वॉर्ड, सोळा खाटा. माझी बारावी. पहिले तीन दिवस नुसते तपासण्यांचे. दंडातून रक्त काढायचं, ते खाली प्रयोगशाळेत जायचं आणि ब्लड शुगरचा आकडा दुपारपर्यंत वर यायचा. बाहेरच्या बाकावर बसून मी इतकी वाट पाहिली की समोरच्या भिंतीवरच्या फरश्या मोजून झाल्या. आडव्या बावीस, उभ्या सतरा.

वॉर्डचे मोठे डॉक्टर फेरीला आले की मागे सात-आठ जणांची रांग. त्यांनी माझी वही चाळली, "छान!" म्हणाले आणि पुढे गेले. सगळे पुढे गेले. रांगेच्या शेवटी एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली डॉक्टरीण होती, मोकाशीबाई. नुकत्याच पास झालेल्या. त्या एकट्या थांबल्या आणि वहीची पानं मागे-पुढे करत राहिल्या.

"या चार दिवसांचं काय?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या?"

"हे कोरे. दर महिन्याला आहेत."

मी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "ते आमचे बाजूला बसायचे दिवस."

मोकाशीबाई माझ्या खाटेवरच बसल्या. "अहो बाई," त्या म्हणाल्या, "या लाल खुणा बघा. दर वेळी कोऱ्या जागेच्या आधी सात-आठ दिवस. एकदाही चुकलेल्या नाहीत. आणि तुम्ही पडलात ते कधी?"

"दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे कोऱ्या जागेत."

खरं सांगते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर शनिवारी मी मुलींना सांगते, जिथे आकडा नाही तिथे शून्य आहे असं समजू नका. आणि मी स्वतः वर्षाला अठ्ठेचाळीस दिवस गाळून वही लिहीत होते. मुलुंडच्या डॉक्टरांना मी फक्त चढाची बाजू दाखवत आले. उतार त्यांना कधी दिसलाच नाही, मग ते सुई वाढवणारच!

मोकाशीबाईंचं म्हणणं असं, की हा बीजकोशांच्या हॉर्मोन्सचा खेळ आहे. हॉर्मोन म्हणजे शरीरातल्या ग्रंथींनी रक्तात सोडलेला रस, दूरच्या अवयवांना हुकूम देणारा. मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. "सहाला सुई आणि साडेनऊला जेवण. कुणीही पडेल," ते म्हणाले. "हॉर्मोन्सना कशाला दोष देता? ताट वेळेवर द्या." दोघांचंही मला पटत होतं. मग मोकाशीबाईंनीच मार्ग काढला. "यांना पाळी येऊन जाईपर्यंत इथे ठेवू. रोज तेच खाणं, त्याच वेळेला, तेवढीच सुई. इथे बाजूला बसणं नाही. मग बघू."

सव्वा महिना राहिले. हे रविवारी कुंदाला घेऊन येत. सासूबाई एकदाच आल्या, डब्यात मेथीची भाजी घेऊन. खाटेला शिवायचं की नाही हे न कळून शेवटपर्यंत उभ्याच राहिल्या.

पहिले पंधरा दिवस रंग निळा-हिरवा. मग घड्याळ लावल्यासारखा लाल. खाणं तेच, सुई तीच, शेजारच्या खाटेवरची म्हातारी साक्षीला. ब्लड शुगरचे आकडेही वर. मोकाशीबाई रोज सकाळी येऊन नळी उजेडात धरून बघत आणि गालातल्या गालात हसत. मोठ्या डॉक्टरांनी सुई वाढवायची नाही असं बजावून ठेवलं होतं. मग पाळी आली. त्या दिवशी सकाळी नारिंगी, संध्याकाळी हिरवा. दुसऱ्या दिवशी न्याहारी ठरल्या वेळेला पोटभर झाली, आणि तरी अकराच्या सुमारास माझ्या ओठांना मुंग्या आल्या, घाम फुटला. मोकाशीबाई ग्लुकोजचं पाणी घेऊन उशाशी तयारच होत्या. आधी रक्त काढलं, मग पाणी पाजलं.

दुपारी आकडा आला. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितला, पुन्हा बघितला आणि मोकाशीबाईंना म्हणाले, "जेवणाचंही कारण होतं. पण एकटं जेवणाचं नव्हतं. तुमचं बरोबर." मोठा माणूस! माझ्यासारखीला एवढं कबूल करायला आठवडा लागला असता.

मग मोकाशीबाईंनी मला समजावलं ते त्यांच्याच शब्दांत देते.

"बीजकोश महिनाभर दोन हॉर्मोन्स सोडतात. ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. महिन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात प्रोजेस्टेरॉन वाढतं, गर्भ राहिलाच तर तयारी असावी म्हणून. त्या दिवसांत काही बायकांचं शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. इन्शुलिन तेवढंच, पण त्याचं चालत नाही. याला आम्ही सेन्सिटिव्हिटी कमी झाली म्हणतो. पाळी येते ती हे दोन्ही हॉर्मोन्स एकदम उतरतात म्हणून. ते उतरले की शरीर पुन्हा इन्शुलिनचं ऐकू लागतं. तेव्हा चढत्या दिवसांचा डोस तसाच ठेवला, तर माणूस पडणारच."

मला चटकन कळलं. गॅदरिंगच्या आधीच्या आठवड्यात वर्ग असाच ऐकत नाही. घसा फुटेस्तोवर ओरडावं लागतं. आणि गॅदरिंग संपल्यावर त्याच आवाजात ओरडलं तर पोरी रडायला लागतात.

"सगळ्या बायकांना असं होतं का?" मी विचारलं.

"नाही. काहींना फरकच पडत नाही, काहींना उलटा पडतो. का, ते आम्हाला अजून पुरतं ठाऊक नाही. म्हणून तर प्रत्येकीनं स्वतःची वही ठेवायची. गरोदरपणात इन्शुलिन जास्त लागतं. पाळी कायमची जाते तेव्हाही घडी बदलते. चाळिशी-पन्नाशीनंतर कमरेभोवती वजन वाढलेल्या कितीतरी बायकांना मधुमेह त्याच सुमाराला निघतो. आणि ज्या मुलींना महिनोन्‌महिने पाळी येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, त्यांच्यात पुरुषी हॉर्मोन जास्त असतं. त्यांनाही पुढे साखरेचा धोका असतो. आया त्यांना हळद चोळत बसतात. लघवी तपासायला हवी."

हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं आहे. आयांनो, ऐका.

सर्टिफिकेटचं विचारलं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "आज देत नाही. नवा डोस ठरवून देतो. लाल दिवसांत थोडा जास्त, पाळी सुरू झाली की त्याच दिवशी कमी. घरी जा. तीन महिने वही आणा. एकही दिवस कोरा नको. कोरा दिसला तर सही नाही."

म्हणजे नोकरी आता सासूबाईंच्या हातात!

घरी आल्याच्या दिवशीच विषय काढला. यांना आधी सांगितलं होतं, तर हे पायातल्या चपलेकडे बघत म्हणाले, "तूच बोल. आईशी माझं काय चालतं?" बरं, म्हटलं, मीच बोलते.

"आई," मी म्हटलं, "चार दिवस मी पडवीत बसेन. पण सुई, दिवा, नळ्या तिथेच माझ्याजवळ राहतील. रंग मी रोज बघणार. आणि ताट सुईनंतर अर्ध्या तासात हवं. पूजेआधी."

"नैवेद्याआधी?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "देवाआधी विटाळशीचं ताट? कुठल्या घरात चालतं गो असं?"

"आमच्या घरात चालायला हवं. नाहीतर नोकरी जाईल. आणि नोकरीचं सोडा, एखाद दिवशी मीच जाईन."

"शिकलेल्या बायकांची ही सगळी नाटकं!" त्या म्हणाल्या आणि जप करायला बसल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. मी काय कमी हट्टी आहे?

पहिल्या महिन्यात पाळी आली तेव्हा मी भांडणाच्या तयारीनंच पडवीत बसले होते. साडेसहाला दार उघडलं. भाकरी आणि भाजीचं ताट आलं, लांबून सरकवलेलं. मी नळी उजेडात धरली, हिरवा. वहीत लिहिलं. चार दिवस असेच गेले. दुसऱ्या महिन्यातही ताट वेळेवर आलं. तेव्हा कुठे त्यांनी दारातून विचारलं, "काय रंग आला?" मी म्हटलं, "निळा." "निळा म्हणजे बरा ना?" "बरा."

तिसऱ्या महिन्यात घोटाळा माझाच झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट बिघडलं होतं, सुई घेतल्यावर ताट आलं, पण खाल्लेलं सगळं उलटून पडलं. वाटलं, जरा पडते, मग दूध घेईन. असं कधी करू नका! सुई झालेली आणि पोट रिकामं, ही थट्टा नव्हे. हे त्या दिवशी न जेवताच लवकर कचेरीत गेलेले, कुंदा शेजारी खेळायला. मला घाम फुटला, हाक मारायला गेले तर शब्द होईनात. भांडं हातातून पडलं, त्याचा तेवढा आवाज झाला.

सासूबाई पूजेला बसल्या होत्या. ओल्या सोवळ्यात, अजून देवांना गंधही लागलं नव्हतं. दारातून त्यांनी बघितलं एवढं मला आठवतं. मग त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता ह्या येत नाहीत. तर त्या देवापुढची नैवेद्याची खडीसाखरेची वाटी घेऊन आल्या. तशाच पडवीत उतरल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि साखर चुरून बोटानं माझ्या गालात कोंबू लागल्या. "गीळ गो, गीळ. सुमती, डोळे उघड." त्यांचा हात माझ्या कपाळावर होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या चार दिवसांत त्या हातानं मला कधी शिवलं नव्हतं. मी साखर गिळत होते आणि रडत होते, आणि त्या मला पदरानं पुसत होत्या, सोवळ्याच्या पदरानं.

जरा बरं वाटल्यावर मी वहीकडे बोट केलं. हाताला थरथर इतकी की पेन्सिल धरवेना. सासूबाईंनी वही ओढली. चौथीपर्यंत शिकलेल्या, लिहायची सवय गेलेली. एकेक अक्षर काढत त्यांनी त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, "घाम. देवाची साखर दिली. आता बरी."

तीन महिन्यांनी वही घेऊन हॉस्पिटलात गेले. लाल खुणा होत्याच, पण आता त्यांच्यानंतर कोरी जागा नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी पानं उलटली, त्या चौकोनापाशी थांबले आणि कागद मोकाशीबाईंकडे सरकवला. "तुमची केस. तुम्ही लिहा, मी सही करतो." मोकाशीबाईंचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही. सोळा खाटांच्या वॉर्डात ज्या जागी काही लिहिलेलंच नव्हतं, ती जागा त्यांनी वाचली.

आज मला ही सुई घेऊन सहा वर्षं होताहेत. शाळेत आहे, आता आठवीलाही शिकवते. पाळीच्या पहिल्या दिवशी डोस उतरवते, दप्तरात खडीसाखर ठेवते, आणि मुख्याध्यापिकाबाईंना सगळं सांगून ठेवलं आहे. संकोच सोडला की निम्मा आजार आटोक्यात येतो, हा माझा अनुभव. तुमच्या घरात मुलगी, सून, बहीण कुणी सुई घेत असेल, तर तिला विचारा, पाळीचे दिवस वहीत आहेत का. बाजूला बसवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण वेळेवर जेवायला द्या, आणि येता-जाता तिच्याकडे बघा.

सर्टिफिकेट घेऊन घरी आले त्या संध्याकाळी सासूबाई ओट्याशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पाया पडले. आभार मानायचे होते, पण ते काही मला जमेना. म्हणून भलतंच विचारलं, "आई, त्या दिवशी सोवळ्यात मला शिवलात. पुन्हा आंघोळ करावी लागली असेल ना, एवढ्या थंडीत?"

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"केली की," त्या म्हणाल्या. "आणि तू गेली असतीस तर काय माझी आंघोळ चुकली असती गो?"